म्हैस की चांदणी

४ फेब्रुवारी

ठरलं! इंजिन मीच बांधणार. गॅरेजमधली जुनी गाडी घाटाच्या शर्यतीत उतरवायची, तर तिचं आताचं इंजिन पहिल्या वळणावरच मान टाकेल. म्हणून दुसरं बांधायचं – ताकदीचं, सुट्या भागांतून, घरी, या दोन हातांनी. जेवताना जाहीर केलं. हे म्हणाले, "वा!" सासूबाई उठल्या, कपाटातून माझा एका बाहीचा स्वेटर काढला आणि माझ्या खुर्चीच्या पाठीवर घालून ठेवला.

समजलं हो! पोहणं तिसऱ्या दिवशी सुटलं, स्वेटरची दुसरी बाही सहा वर्षांत उगवली नाही. "हिचं सगळं अर्ध्यावर." या घरात हे वाक्य मिठासारखं वापरतात. मी हसते, पण लागतं. या वेळी नाही. हेही अर्धं राहिलं तर सासूबाईंचं सोडा, मीच माझ्यावर पुन्हा भरवसा ठेवणार नाही.

७ फेब्रुवारी

सुरुवात ब्लॉकपासून. म्हणजे इंजिनाचं धूड – चार सिलिंडरची चार भोकं असलेलं. बाकी सगळं त्याच्या पोटात किंवा डोक्यावर बसतं. तो चुकला की सगळं मुसळ केरात.

दुकानात आज एका आजोबांच्या चष्म्याचा नंबर तपासताना मी त्यांना विचारलं, "ओतीव लोखंड की ॲल्युमिनियम?" ते म्हणाले, "प्लॅस्टिकच द्या, हलकं असतं."

९ फेब्रुवारी

भंगारवाल्याकडे गेले. अहाहा! लोकांना दागिन्यांच्या दुकानात काय होतं ते मला आज कळलं.

दोन आवडले. एक लोखंडी, माल वाहणाऱ्या गाडीचा – काळा, जाड, ढिम्म. दुसरा ॲल्युमिनियमचा, अंगाने सडपातळ, पुसला की चकाकणारा. "ताई, एक काय ते ठरवा," भंगारवाला म्हणाला. मी दोन्ही आणले. ह्यांची कंबर धरली आहे. नावं ठेवून झाली – म्हैस आणि चांदणी.

१० फेब्रुवारी

बाथरूममध्ये दोघींना आंघोळ. ब्रश, साबण, गरम पाणी, तीन तास. काळं पाणी संपेचना. सासूबाई दाराबाहेरून, "अगं, माणसांनी कुठे धुवायचं?" शेवटी दोन्ही ब्लॉक भांडी पालथी घालतात तसे ओट्याजवळ पालथे घातले आणि कौतुकाने बघत बसले. आपल्याइतकं हुशार कोणी नाही!

११ फेब्रुवारी

म्हैस लाल झाली. संपूर्ण! लोखंड धुतलं की लगेच पुसून तेल लावायचं असतं, हे शेंबड्या पोरालाही माहीत असेल. मी निथळत ठेवलं. भांड्यासारखं!

मी हातात डोकं धरून बसले होते. सासूबाई आल्या, पाहिलं, आत गेल्या आणि स्वतःच्या केसांच्या तेलाची बाटली घेऊन आल्या. गंज घासायला मी, तेल लावायला त्या. सिलिंडरमध्ये बोटं फिरवत म्हणाल्या, "हिला केस असते तर वेणीही घातली असती." दोघी इतक्या हसलो की हे हातातलं काम सोडून धावत आले. सगळ्या घराला मोगऱ्याचा वास येतोय.

१४ फेब्रुवारी

ठरत नाही. चांदणी हलकी – गाडीचं नाक हलकं राहील, वळणावर चपळ. म्हैस जड, पण भिंती जाड असल्या तर सिलिंडर कापून रुंद करता येतील, म्हणजे जोर जास्त. सकाळी चांदणी, दुपारी म्हैस. दुकानात एकीला दोनदा विचारलं, "हे बरं की हे?" – आणि काच बदललीच नव्हती!

१६ फेब्रुवारी

ह्यांनी कारखान्यातून जाडी मोजायचं यंत्र आणलंय, बॉयलरचे पाइप तपासतात ते. उद्या परत द्यायचं. धातूवर जेल लावायचं, टोक टेकवायचं, की मिलिमीटरमध्ये आकडा. जादू! मी मोजत होते, सासूबाई वहीत लिहीत होत्या, मधेच आम्ही म्हैस फिरवून तिच्या पाठीलाही तेल लावलं. पाच पूर्णांक सहा, पाच पूर्णांक दोन, पाच पूर्णांक चार, आणि पुन्हा पाच पूर्णांक सहा. पहिला आणि चौथा तर जुळे, अगदी दशांशापर्यंत! चांदणीच्या भिंती पापडासारख्या.

म्हैस! म्हैस! म्हैस! स्वयंपाकघरात मी एक गिरकी घेतली आणि पायाचं बोट तिच्यावरच आपटलं. सुजलंय. चालेल.

१९ फेब्रुवारी

लेथवाल्या मास्तरांकडे म्हैस पोचवली. चारही सिलिंडर चार मिलिमीटर रुंद करायचे. "भिंती मोजल्यात?" "मोजल्यात!" – वहीचं पानच पुढे केलं. मास्तर चष्म्यावरून बघून म्हणाले, "अक्षर चांगलं आहे." सासूबाईंना सांगितलं तर लाजल्या.

२० फेब्रुवारी

आज काही नाही. नुसता आनंद.

२३ फेब्रुवारी

मास्तरांचा फोन दुकानात आला. "येऊन जा."

चौथ्या सिलिंडरला भोक. कापता कापता भिंत आरपार गेली – इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याची बाजू दिसते. मास्तरांनी मोजून दाखवलं, त्या बाजूला भिंत दोन मिलिमीटरसुद्धा नव्हती. मग माझं पाच पूर्णांक सहा कुठून आलं? तिथेच उभ्या उभ्या लख्ख दिसलं. तेल लावायला म्हैस फिरवली आणि उलट्या बाजूने आम्ही पहिलाच सिलिंडर पुन्हा मोजला. जुळे कसले, एकच होता तो! दिवसभर लोकांचे नंबर काढणारी मी.

"आतून लायनरची नळी घालून देईन," मास्तर म्हणाले, "पण बाजारहाटाच्या गाडीला. तुम्हाला जोर काढायचाय ना? मग यात नका अडकू." ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी स्टूल दिलं बसायला.

घरी सांगितलं. हे पाठीवर हात ठेवून बसले. सासूबाई उठून गेल्या. मी गॅरेजचं दार लावलं आणि रडले, चांगली हमसाहमशी. सगळं अर्ध्यावर. खरंच आहे त्यांचं.

२४ फेब्रुवारी

सकाळभर पडून होते. मग उठले, तोंड धुतलं, कोणाला न सांगता भंगारवाल्याकडे गेले. आणखी एक लोखंडी मिळेल का?

"तो काय, तुमच्यासाठीच बाजूला काढलाय," तो म्हणाला. "सकाळी दुकान उघडायच्या आत एक म्हाताऱ्या बाई दारात. चारही भोकांवर खडूने नंबर घालून गेल्या. म्हणाल्या, कोणाला देऊ नका, माझी सून येईल बारापर्यंत – रडून झालं की."

मी पोचले तेव्हा सव्वाबारा झाले होते.