मागच्या सीटवरचा येल्मर

उत्रेख्त, ९ मार्च

तीर्थरूप आईस,
आफ्केचा शि. सा. न. वि. वि.

येल्मर माझ्याकडे येऊन दीड महिना झाला. त्या आजारपणात डोळे गेल्यापासून त्यानं खुर्ची धरलीय, ती सोडायला तयार नाही. आंधळ्यांच्या काठीनं चालायची शिकवणी लावली, तर गेलाच नाही. बावीस वर्षं कोळंबीची बोट हाकलेला माझा भाऊ जेवणाच्या टेबलापर्यंत भिंत चाचपत जातो. बघवत नाही गं.

काल शेजाऱ्यांकडून दोन सीटची जोडसायकल मागून आणली. पुढं मी, मागं तो. असा भडकला! म्हणाला, मी काय बटाट्याचं पोतं आहे का मागं लादून न्यायला? मी म्हटलं, पोतं पायडल मारत नाही, तुला मारायला लागेल. शेवटी बसला. कालव्याच्या कडेनं तासभर फिरलो. घरी आल्यावर त्यानं विचारलं, मधे चढाचे पूल पाच होते ना? मी मोजलेच नव्हते.

इकडची काळजी नको. तब्येतीला जप.

तुझी,
आफ्के

तेर्सखेलिंग, १५ मार्च

चि. आफ्के हीस अनेक उ. आशीर्वाद.

जोडसायकलीचं वाचलं आणि जेवण टाकून लिहायला बसले. नऊ वर्षांची असताना तू पाद्रीबाबांच्या कुंपणात सायकल घातली होतीस, विसरलीस? त्याला घरी पाठव. या बेटावरची वाट न् वाट त्याच्या पायांना ठाऊक आहे. तुमचं ते शहर त्यानं डोळे असतानाही पाहिलं नाही, आता काय बघणार आहे तिथं? माझे गुडघे सोडले तर मी ठणठणीत आहे. त्याचं मी करीन.

दोघं भांडू नका.

तुमची आई,
तित्स्के

उत्रेख्त, २० एप्रिल

तीर्थरूप आईस,
शि. सा. न. वि. वि.

रागावू नकोस. पायऱ्यांवरून घसरून माझं मनगट मुरगळलंय. चार आठवडे हँडल धरायचं नाही, असं डॉक्टर म्हणाले. इतके दिवस रोज संध्याकाळी फिरत होतो, आता हा परत खुर्चीत बसणार, म्हणून माझा जीव खाली-वर होत होता. पण यानं मला न सांगता वाचनालयात चिठ्ठी लावून घेतली. पुढच्या सीटवर डोळस माणूस हवा, रस्ते माहीत नसले तरी चालेल!

पहिली आली लोट्ये नावाची नर्स, शहरात येऊन नऊच दिवस झालेली. मी खिडकीतून बघत होते. तिनं विचारलं, जायचं कुठं? हा म्हणाला, तुला काय बघायचंय ते सांग, पोचवतो. दोन तासांनी परतली ती गाल लाल करून. मला सांगत होती, भाजत्या कॉफीचा वास उजवीकडून आला की सरळ, तिसरा चढ उतरला की डावीकडे, मनोऱ्याच्या घंटा पाठीमागून यायला लागल्या की बाजार आला! एकदाही रस्ता चुकला नाही म्हणे. मी इथं अठरा वर्षं राहते आणि मला हे शहर असं माहीत नाही. आता नव्यानं आलेली चार माणसं त्याला न्यायला येतात. नेतात कसली, तोच त्यांना नेतो.

आशीर्वाद असू दे.

तुझी,
आफ्के

तेर्सखेलिंग, २ मे

चि. आफ्के हीस अनेक उ. आशीर्वाद.

परक्या माणसांच्या भरवशावर माझं लेकरू गाड्यांच्या गर्दीत! मी वीस तारखेला येते आहे. त्याला घेऊनच परतेन. सामान बांधायला सांग. यावर उलट पत्र नको.

आई

तेर्सखेलिंग, २९ मे

चि. आफ्के हीस अनेक उ. आशीर्वाद.

सुखरूप पोचले. स्टेशनवर तू डोळे पुसत होतीस, म्हणून तिथं सांगायचं राहिलं. आता सांगते.

तू कामावर गेलीस त्या मंगळवारी यानं मला पुढच्या सीटवर बसवलं. सत्तरीची बाई मी, बेटावर समोरून मेंढी आली तर सायकल थांबवणारी. तिथं तर चहूबाजूंनी सायकलींचा लोंढा! एकजण एका हातात फुलं धरून चालवत होता. चौकात मी खाली उतरले. म्हटलं, मला नाही जमायचं, घरी चल. मागून हा शांतपणे म्हणाला, आई, उजवीकडून एक बस येतेय, ती गेली की रस्ता मोकळा. बस गेली. खरंच मोकळा होता.

मग मला कुठं कुठं हिंडवलं त्यानं! एके ठिकाणी थांबवून विचारलं, चेस्टनट फुलला असेल ना? मी वर पाहिलं. पांढऱ्या तुऱ्यांनी झाड लगडलं होतं. मी त्याला वर्णन करून सांगत होते आणि तो हसत होता, आजारपणानंतर पहिल्यांदा. रडू लपवायला मी पुन्हा पायडल मारलं. त्याला कळलंच असणार.

परतताना बोटीवर तिकीट बघणाऱ्या म्हाताऱ्या हिडेनं विचारलं, येल्मरला आणायला गेली होतीस ना, मग एकटीच कशी?

मी सांगितलं, त्याला सध्या वेळ नाही.

मनगटाला जप. दोघांवर माझा जीव आहे, हे ओळखून असा.

तुमची आई,
तित्स्के