चोराचा शेवटचा शॉट

४ फेब्रु.
हुपरीतलं शूटिंग संपत आलं. फक्त शेवट राहिलाय. चोर पैंजण घेऊन पळतो, अख्खं गाव मागं, आणि तो म्हशींच्या हौदात पडतो. लिहितानाच हसलो होतो. चोर म्हणजे हसनभाई. जत्रेतल्या नाटकांत जन्मभर लोकांना हसवलेला माणूस, सिनेमा पहिलाच. म्हणाले, "हौदात पानी गरम टाका की. वय झालंय माझं."

७ फेब्रु.
हसनभाईंना अर्धांगाचा झटका. शूटिंग बंद. प्रोड्यूसर पाटील फोनवर : "डुप्लिकेट पळव. पाठमोरा. कोण बघतंय?" बरोबरच आहे त्याचं. तरी...

२ मार्च
पेठ वडगावला त्यांच्या घरी गेलतो. डावा हात मांडीवर पडलेला, तोंड एका अंगाला ओढलेलं. बोलणं तुटक, पण कळतं. डुप्लिकेटचं सांगितलं. भाईंनी उजव्या हातानं नको केलं. मग : "चोर पळत न्हाय... बसतोय."
त्यांच्या बायको जरीनाभाभी म्हणाल्या, "दवाखान्यातनं आल्यापास्नं हेच डोक्यात हाय त्यांच्या."
म्हणजे असं : गावानं चोर पाठमोराच पाहिलाय. तो दमून एका पायरीवर बसतो. लोक धावत येतात, त्यालाच विचारतात, पावणं, चोर कुठं गेला? तो हात करून दाखवतो, भलतीकडं. खलास.
माझ्या हौदापेक्षा चांगलं. येताना जरा वाईट वाटलं. स्वतःबद्दलच.

१५ मार्च
हुपरी. शॉट पहिल्याच टेकला ओके. लोक आले, विचारलं, हसनभाईंनी उजवा हात केला, लोक गेले. कट म्हणणार, तेवढ्यात ते उठायला गेले. ठरलं नव्हतं. अर्धे उठले, बसले. परत. युनिट हसायला लागलं, अ‍ॅक्टिंग समजून. मीपण. मग आडवेच झाले. भाभी ओरडत फ्रेममध्ये घुसल्या, "अवो, बंद करा की ते!"
कट उशिरा म्हणालो. कोपर खरचटलं, बाकी ठीक.

१८ मार्च
एडिट. पाटील खुर्चीतून पडायचा बाकी. "हाच शेवट! पब्लिक लोळंल." भाभी यायच्या आधी कापलं, तर खरंच हसू येतं. मलाही आलं.

२१ मार्च
लॅपटॉप घेऊन वडगाव. भाई-भाभींना दोन्ही शेवट दाखवले. हात करून संपणारा, आणि पडण्याचा.
"उठायला का गेलात?"
"शॉट बरा झालता. जरा वाढवावा म्हटलं."
"लोक हसत होते, ऐकू आलं?"
"आलं की."
"मग ठेवू?"
भाभी उठून आत गेल्या. ते दाराकडं बघत बसले. चेहऱ्यावरून काही कळेना, अर्धा चेहरा आता तसाच असतो.
म्हणाले, "पडतो ते परत एकदा दाव."
दाखवलं.