उन्हाकडची खोली

गुरुवार, ९ जुलै

अगं,

तुझं पत्र दूधगाडीवाल्याने परवा आणून दिलं. तू बरी आहेस, सूनबाई जपते, नात आता भरभर वाचते, हे कळून बरं वाटलं. मी ठणठणीत. गुडघा कुरकुर करतो, पण त्याचं ऐकायला मला वेळ कुठे आहे?

खालच्या टप्प्यावरचे बटाटे काढून झाले. वरच्या टप्प्यावर मात्र यंदा जुलैतही पहाटे हिव पडून पाला काळा पडला, त्यामुळे तिथे सगळा माल गोटीएवढा. धुकं सकाळी उशिरापर्यंत हलत नाही. तांबडीला कालवड झाली. उभी राहिली आणि पहिल्यांदा माझ्या सदऱ्याची बाही चघळली, म्हणजे वळण तुझ्या माहेरचं. शेजारीण आणि तिचा दीर पाण्याच्या पाटावरून अजून भांडतात. दोघंही माझ्याकडे न्याय मागायला येतात आणि चहा पिऊन जातात. न्याय तसाच राहतो.

खोली कुठवर आली, असं तू दर पत्रात विचारतेस. झाली. 'उद्या नक्की' म्हणत गवंड्याने माझा जीव खाल्ला, पण काम चोख केलं. ओल वर येऊ नये म्हणून खाली फळ्या टाकल्यात. चुलीचा धूर धुराड्यातून थेट छपराबाहेर जातो, तुझ्या घशात उतरायचा नाही. खिडकी तू सांगितलीस तशी मोठी केली, सगळी उन्हाच्या बाजूला. पलंगावर बसलं की गाजराचे वाफे दिसतात, त्यांच्यामागे उतार, आणि धुकं विरलं की पार तळाची नदी. पडद्यासाठी तुझ्या पसंतीचं पिवळं कापडही आणलंय.

ते शिवायला टाकलेलं नाही. का, ते सांगतो. जरा दम घेऊ दे.

दवाखान्यात नवीन डॉक्टरीण आलीय. पोर वयाने लहान, पण बोलते नीट. तिला राहायला जागा नाही, बिचारी औषधांच्या खोक्यांशेजारी झोपते. सोमवारी ती शेजारणीच्या सासऱ्यांना तपासायला आली होती. जाताना खोली बघून दारात थांबली. "काका, ही भाड्याने देणार का?"

मी म्हटलं, "नाही हो. ही आमच्या मंडळींची. दम्याने खाली लेकाकडे गेलीय. आता धूर नाही, ओल नाही. येईल."

तिने मग एकेक विचारलं. तुझे ओठ निळे पडायचे का, चालताना की बसल्या बसल्यासुद्धा, खाली गेल्यावर किती दिवसांत उतार पडला. मी सगळं सांगितलं. दूधगाडीत गाद्या टाकून तुला उतरवलं, घाट संपता संपता तू डोळे उघडून पाणी मागितलंस, तेही सांगितलं. तिने खिडकीच्या चौकटीवरून हात फिरवला.

"काका, खोली सुंदर बांधलीत. पण हा धुराचा प्रश्नच नाही. इतक्या उंचीवर हवाच विरळ असते. काकूंच्या छातीला ती पुरणार नाही. भिंत कितीही जाड बांधा, त्याने हवा दाट होत नाही. त्यांना वर आणू नका."

मी म्हटलं, "बरं." ती गेल्यावर कुदळ घेतली आणि खालच्या टप्प्यावर खणत राहिलो. शेजारीण बांधावरून ओरडली, "अहो, तिथले बटाटे तर काढून झाले ना?" तेव्हा कुठे भानावर आलो.

लेक किती वेळा म्हणाला, "बाबा, खाली या." मी एकदाच आलो. उकाड्याने अंगभर पुरळ उठलं आणि चार दिवसांत पळालो. निघताना तू दाराशी उभी होतीस, काही बोलली नाहीस. मला वाटलं, तुला पटलं. खोली झाली की तूच येणार, मग मी कशाला खाली कुढत बसू, असा माझा हिशेब. दोन वर्षं मी विटा रचत बसलो आणि तू तिथे एकटी. एवढ्या दिवसांत तुझ्याजवळ बसलो असतो तर काय बिघडलं असतं?

हे तुला कसं सांगावं ते कळेना, म्हणून आधी बटाटे आणि कालवड लिहिली. आता तूच सांग, काय करू?

तुझा,
खोली बांधून रिकामा झालेला


मंगळवार, २१ जुलै

अहो,

पत्र पोचलं. दोनदा वाचलं. मग सूनबाईला भाजी आणायला पाठवलं आणि तिसऱ्यांदा वाचलं.

डॉक्टरीण खरं बोलली. मला हे इथे आल्यावर पहिल्याच महिन्यात कळलं होतं. लेक तुम्हाला सांगायला निघाला होता, मीच त्याला शपथ घातली. त्याच्यावर रागावू नका.

तुमचं पहिलं पत्र आठवतं? घर खायला उठतं, घास गिळवत नाही, असं लिहिलं होतंत. दुसऱ्या पत्रात लिहिलंत, खोलीचा पाया खणला, आज भूक लागली. मग कुठल्या तोंडाने सांगणार होते? वाटलं, बांधू देत. हाताला काम आहे तोवर जेवतील तरी. खिडकी मोठी करा असं मी म्हणाले, ती नदी दिसावी म्हणून नव्हे. तेवढेच चार महिने जास्त जातील म्हणून.

चुकलं माझं. तुम्हाला सावरायला गेले आणि तिकडेच अडकवून ठेवलं. इथल्या बायका विचारतात, तुमचे हे कधी येणार? मी म्हणते, ते कशाला, खोली झाली की मीच जाणार. बोलता बोलता मलाही खरं वाटायला लागलं होतं. एकदा तर पिशवीही भरली. नातीने विचारलं, "आजी, कुठे?" तेव्हा परत रिकामी केली.

आणि तेव्हा दाराशी मी गप्प उभी होते, ते काही पटलं म्हणून नव्हे. 'थांबा' म्हटलं असतं आणि तुम्ही तरीही निघाला असतात, तर ते मला सोसलं नसतं.

आता नीट ऐका. खोली डॉक्टरणीला द्या. तांबडी आणि कालवड शेजारणीकडे. एक टप्पा तिला कसायला द्या, एक तिच्या दिराला, म्हणजे दोघं कष्टाने दमतील आणि भांडण आपोआप कमी होईल. आणि तुम्ही खाली या. उकडेल, पुरळ उठेल, पंखा खडखडतो, झोप लागणार नाही. मी रोज ऐकून घेईन तुमची तक्रार.

एक गोष्ट सूनबाईने लिहू नका म्हटलं होतं, पण आपलं लपवून ठेवणं पुरे झालं. गेल्या महिन्यापासून इथली हवाही मला पुरेनाशी झालीय. रात्री उशा लावून बसूनच झोपते. तुम्हाला घ्यायला फाटकापर्यंत यायची फार इच्छा आहे, पण जिना उतरवत नाही. मी वर खुर्चीत बसलेली असेन. शेवटच्या पायऱ्या तुम्हालाच चढाव्या लागतील.

या आठवड्याची बस चुकली तर पुढच्या आठवड्याची धरा. पण पुढच्या महिन्यावर टाकू नका.

तुमच्याशी पुष्कळ बोलायचं राहिलेली,
मी