साहेबाच्या खोलीतला पलंग

मुकुटबन,
८ डिसेंबर २०२४

प्रिय अश्वजितदादा,

सप्रेम जय भीम. ममतावहिनीलाही सांग. हैदराबादला एवढी थंडी नसेल. इकडे सकाळी अंगणात उभं राहवत नाही. तुरीला शेंगा धरल्या आहेत. आईची तब्येत तशी बरी आहे. 'तशी' का लिहिलं, ते मलाच नीट कळत नाही. फोनवर आईचं नाव निघालं की तू विषय बदलतोस, म्हणून कागद घेतला.

मला काम लागलं आहे. जंगलाच्या कडेचा तो जुना बंगला, जिथे आपण बोरं वेचायला जायचो, तो आता लोकांना पाहायला आणि राहायला तयार होतो आहे. पहिला इंग्रज साहेब जसा राहायचा, तसाच सजवायचा म्हणे. पुण्याहून सुरभी मॅडम आल्या आहेत. त्या शिकवतात, मी पाठ करते. पुढे पाहुण्यांना हिंडवून मलाच सांगायचं आहे.

साहेब आला तेव्हा आधी तंबूत राहिला. मग मातीच्या भिंती आणि वर गवत. पुढे दगड आला, चुन्यात गूळ आणि बेलफळाचा गर कालवून भिंती उभ्या केल्या. तुळया आपल्याच जंगलातल्या सागाच्या. चहूबाजूंनी व्हरांडा, दारासमोर दार, म्हणजे वारा आरपार जावा. छताखाली पांढरं कापड ताणून ठोकायचे, वरून विंचू अंगावर पडू नये म्हणून. उन्हाळ्यात दारांना वाळ्याचे पडदे. सामान मात्र गमतीचं. घडीची खुर्ची, घडीचं टेबल, खोक्यांवर चादर टाकून केलेलं कपाट. बाकी जे हवं त्याचं चित्र काढून गावच्या सुताराकडून करून घ्यायचे. पलंगाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायचे, मुंग्या चढू नयेत म्हणून.

मला हे ऐकायला आवडतं, आणि आवडतं याचा रागही येतो. कोणाचा राग, ते सांगता येत नाही.

साहेबाच्या झोपायच्या खोलीला लागून न्हाणी आहे. तिला बाहेरून एक बुटकं दार. "घाणीची बादली न्यायला बाई इथून यायची," मॅडम म्हणाल्या. ती बाई म्हणजे आपली पणजी तानाबाई, हे तोंडातून निघालंच नाही. मग त्यांनी विचारलं, "या बंगल्यातलं जुनं सामान गावात कोणाकडे आहे का?" मी नाही म्हणाले.

घरी पलंग होता, दादा. खांबांवर पितळी गोळे असलेला, तू-मी ज्याच्यावर जन्मलो तो. शेवटच्या साहेबाच्या मडमेनं जाताना तानाबाईला दिला, असं बाबा सांगायचे. गावातले म्हातारे म्हणायचे, बंगला रिकामा झाल्यावर तिनं उचलून आणला. खरं काय, आता कोण सांगणार? दिलेला असो की आणलेला, तानाबाई त्याच्यावर कधी झोपली नाही. बाबांनी लहानपणी पाहिलं होतं, ती खाली गोधडी टाकायची.

मागच्या आठवड्यात मॅडम चहाला घरी आल्या. पलंग पाहिला आणि हातातला कप खाली ठेवला. मला वाटलं, आता धरणी दुभंगावी. आईच म्हणाली, "न्या. बंगल्यातलाच होय. पण मीबी येतो त्याच्यासंगं."

ट्रॅक्टरवर पलंग, मागून रिक्षात आई आणि मी. खोलीत पलंग मांडला. मॅडम आईला समोरच्या पायऱ्यांनी आत घेत होत्या. आई थांबली.

"तानाबाई कोन्त्या दारानं येत होती?" तिनं मला विचारलं. मी दाखवलं. ती पूर्ण व्हरांडा वळसा घालून मागे गेली, वाकून त्या बुटक्या दारातून आत आली आणि सरळ जाऊन पलंगावर बसली. हसली नाही, रडली नाही. मॅडम बाहेर निघून गेल्या. त्यांचं ते मला बरं वाटलं.

तू घर सोडलंस त्या दिवसाबद्दल मी लिहिणार नव्हते. पण पलंगावर बसल्या बसल्या आईनंच विषय काढला.

"ममता नवी नवरी आली तवा याच्यावर बसाले गेलती. म्या म्हटलं, तिथं नको बसू."

"ते झालं गेलं," मी म्हणाले. खरं तर तू वहिनीला घेऊन त्याच संध्याकाळी निघालास, तेव्हापासून मला तेच विचारायचं होतं. विचारलं, "काहून म्हटलं होतं, आई?"

ती पितळी गोळ्यावरून हात फिरवू लागली. "आपल्याले जिंदगीभर सगळ्यायनं नको म्हटलं. मले वाटलं, एकडाव आपुनबी कोणाले म्हणून पाहावं. तोंडातून गेलं, अन् पोरगं गेलं."

तिची कीव करावी की तिच्यावर चिडावं? दोन्ही झालं. तू गेल्यापासून ती त्या पलंगावर झोपलीच नाही, हे तुला ठाऊक नाही. रोज चादर झटकायची, पुन्हा अंथरायची. कोणी पाहुणा आला तरी त्याला खाटेवर बसवायची. मला वाटायचं, ती तुझ्यासाठी जागा राखते आहे. मग आता तो दिला, याचा अर्थ काय घ्यायचा? वाट पाहणं सोडलं का तिनं?

निघताना मॅडमनी विचारलं, "आजी, पलंग ठेवायचा ना इथे? अजूनही नाही म्हणू शकता."

आई म्हणाली, "राहू द्या. घरी आता सतरंजी टाकू. जो येईन तो खालीच बसन, मीबी खालीच."

घरी आल्यावर तिनं खरोखर नवी सतरंजी काढली आणि रिकाम्या झालेल्या जागेत अंथरली. मग मला म्हणाली, "दोघं-तिघं आरामात मावतात." तुझं नाव घेतलं नाही, वहिनीचंही नाही.

ती तुम्हाला बोलावते आहे की मन आवरून घेते आहे, मी रोज तिच्या तोंडाकडे पाहून ठरवते आणि रोज चुकते. मला उत्तर लिहू नकोस, दादा. तिच्याशेजारी बसून तिलाच विचार. वहिनीला घेऊन.

तिच्यापाशी एकटी पडलेली,
तुझी साधना