‘कोनाइ’ म्हणजे काय

११ जानेवारी, रविवार
हिरागाना, म्हणजे जपानी बाराखडी, पुरी झाली. सगळी अक्षरं न बघता लिहिली. ‘नु’ आणि ‘मे’मध्ये अजून घोळ होतो, दिसायला जुळ्या बहिणी. हे म्हणाले, "साठीत बालवाडी!" म्हणाले खरं, पण संध्याकाळी स्वतःच अक्षरांची कार्डं घेऊन समोर बसले. मी ब्लाउज कापतेय, हे एकेक कार्ड धरतायत. बरोबर आलं की "शाब्बास".
निखिलला सांगायचं नाही. एप्रिलमध्ये युकाचं बाळंतपण. तिकडे उतरल्यावर सुनेशी थेट तिच्या भाषेत बोलणार. पोरगा बघतच राहील.

१९ जाने., सोम.
संक्रांत झाली, दुकानात शुकशुकाट. अभ्यासाला बरं. किमास – येते. किमासेन – येत नाही. क्रियापद शेवटी, आपल्यासारखंच. इंग्रजी जन्मात जमली नाही, हे जमतंय. पिकोला आलेली एक मुलगी विचारते, "मावशी, मशीनवर हे काय गिचमिड चिकटवलंय?" म्हटलं, "सुनेची भाषा."

२५ जाने., रवि.
नि.चा व्हिडिओ कॉल. युकाचं पोट आता छान दिसतं. हात जोडून ‘नमस्ते’ म्हणते, गोड. जुन्या सुती साडीची झबली शिवलीत, ती दाखवली. मग ती लहान खोलीकडे बोट करून नि.ला काहीतरी विचारत होती. तो म्हणाला, ओकासान... कोनाइ... दाइजोबु.
ओकासान म्हणजे आई, मी. दाइजोबु म्हणजे काळजी नको, ठीक आहे. मधलं ‘कोनाइ’ अजून पुस्तकात आलं नाही. खोली माझ्यासाठीच आवरत असणार. विचारणार होते, पण गुपित फुटलं असतं.
"तिकिटाचं काय रे?"
"काढतो गं आई, फेब्रुवारी जाऊ दे."

७ फेब्रु., शनि.
पुस्तकात पुढे घरातली बोली आली. किमासेन परक्यांशी बोलताना. घरच्यांशी बोलताना तेच होतं, कोनाइ.
येत नाही.
ओकासान कोनाइ, दाइजोबु. आई येत नाहीये, राहू दे.
मोबाइलवर ‘कोनाइ’चा उच्चार परत परत ऐकला. तोच शब्द. चुकत असेन. माझं शिक्षण ते काय.

८ फेब्रु., रवि.
चुकले नाही.
सकाळी ह्यांना सांगितलं. वाटलं, म्हणतील, तुझं आपलं काहीतरीच. ह्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "दिवाळीतच बोलला तो मला."
"काय बोलला?"
"आईला नको आणायला म्हणे. युकाची आई असणार आहे. तुला वाईट वाटेल म्हणून..."
दिवाळीत! म्हणजे मी पहिलं अक्षर गिरवायच्या आधी. पुस्तक ह्यांनीच मेन रोडवरून शोधून आणलं. रोज समोर बसून कार्डं धरली. शाब्बास, शाब्बास. पासपोर्टचं काढलं की, "करू ना, काय घाई."
"तू इतकी खुश होती. कसं सांगणार होतो मी?"
निखिल एक वेळ लांब आहे. पण हे. जेवायला एका ताटलीतलं लोणचं घेतो आम्ही, आणि...

१० फेब्रु., मंगळ.
संध्याकाळी परत कार्डं घेऊन बसले. "राहू द्या," म्हटलं. तशीच हातात धरून बसले होते. स्वयंपाक केला, वाढलं. मशीनवरच्या चिठ्ठ्या काढायला गेले. निम्म्या निघाल्या, निम्म्या चिकटून बसल्यात.

१२ फेब्रु., गुरु.
युकाला फोन केला, नि. कामावर असतो त्या वेळी. "युका-सान, ओकासान देसु." मी आई बोलतेय. ती आनंदाने ओरडलीच. मग सुटली भराभर, मला काही कळेना. "युक्कुरी," म्हटलं, सावकाश. मग लहान मुलाशी बोलावं तशी बोलली. हिकोकि, विमान. कोवाइ, भीती. ओकासानला विमानाची भीती?
असं सांगितलंय त्याने तिला. म्हणजे तिच्या लेखी यायचं नाहीये ते मलाच.
"कोवाकुनाइ," म्हटलं. भीती नाही वाटत. नि. खोटं बोलला, हे तिलाही कळलं. शेवटी म्हणाली, "किते कुदासाइ." या ना.
फोन ठेवून रडले. दुकानाचं शटर अर्धं ओढून.

१३ फेब्रु., शुक्र.
नि.चा फोन. कशी आहेस वगैरे काही नाही.
"आई, तू युकाला काय सांगितलं? तुला जपानी कधीपासून येतं?"
"तुझं बोलणं कळण्याइतकं येतं."
मग, "तिची आई आणि तू, एवढ्याशा घरात. तू मालिश, शेक, धुरी सगळं आपल्या पद्धतीनं करायला बघणार. मला मध्ये उभं राहायचं नव्हतं."
"मग सांगायचं ना मला, येऊ नको म्हणून."
"रडली असती तू."
"आता काय करतेय?"
फोन कोणी ठेवला, त्याने की मी, आठवत नाही.
धुरीचं खोटं नाही त्याचं. ओवा, बाळंतशेपा काढूनच ठेवल्या होत्या मी. पण नको म्हटलं असतं तर नसती दिली. विचारायचं तरी.

२३ फेब्रु., सोम.
पासपोर्टसाठी नाशिकरोडला जाऊन आले. हे म्हणत होते, "मी येतो." म्हटलं, नको. फोटोत चेहरा सुजल्यासारखा आलाय.
जाणार का, माहीत नाही. मुलाने नको म्हटलेल्या घरी सुनेच्या जिवावर जायचं?
युका रोज एक सोपं वाक्य बोलून पाठवते. आज थंडी आहे. आज बाळ लाथा मारतंय. मी उत्तर देते, ती चुका सुधारते. नि.चं काही नाही.

५ मार्च, गुरु.
पासपोर्टच्या पडताळणीला पोलीस घरी आले. चांदवडकडचे, ह्यांच्या गावाजवळचे निघाले, मग चहा झाला. हे कागद काढून देत होते.
"कुठं निघाल्या मावशी?"
"जपानला."
"बाप रे, लय लांब! कधी?"
ह्यांनी माझ्याकडे बघितलं. "ठरलं नाही अजून," मी म्हटलं.
"तिकडं कोण हाय?"
हे सांगायला लागले, "मुल—"
"सून," मी म्हटलं.