पितळेचा गंज

मंगळवार, दि. ९
शिक्षकांची खोली, तिसरा (मोकळा) तास

चि. शालकोत्तमास,
भावोजींचे अनेक आशीर्वाद. आज ते जरा आंबट आहेत, चालवून घे.

पत्रास कारण की, माझ्या बोटांना वास येतोय. साबण झाला, लिंबू झालं, खाण्याचा सोडा लावून घासून झालं. तरी दमट चिल्लरीचा, जुन्या नळाच्या तोटीचा तो वास काही जात नाही. सकाळी डबा उघडला आणि पहिलाच घास परत डब्यात ठेवला. इतकी वर्षं मुलांना संस्कृतातले धातू शिकवतोय, पण धातू नाकात जाऊन बसतो हे या आठवड्यात कळलं.

या दुर्गंधीचे मूळपुरुष आपण. फोनवर तूच म्हणालास ना, "भावोजी, ताईच्या बोटांना काहीतरी चाळा हवा. ते चिनी कड्यांचं कोडं मिळतं बघा, ते आणा." संस्कृत नाटकांत राजाच्या मेहुण्याला विदूषकाच्याही खाली का बसवतात, ते मला आता पुरतं पटलंय. श्यालोपदेशः सर्वनाशाय. सूत्र माझंच आहे. भाष्य पुढे.

तुझ्या ताईचा हालहवाल आधी. झटका येऊन गेल्यापासून तोंड सरळ झालं, पाय सरळ झाला, जीभ तर पूर्वीपेक्षाही सरळ झाली आहे. राहिला उजवा हात. बोटं हलतात, मिटतात, पेला धरतात. डॉक्टर म्हणाले, चालवत राहा. ताईसाहेबांनी त्याचा अर्थ "दुकान चालवत राहा" असा लावला, आणि येत्या सोमवारी शिवणाचं दुकान उघडायचं असा हुकूम सुटला. पाटी पुसून झाली. मशिनला तेल पाजून झालं. इस्त्रीची वायरही बदलून आणली.

तर कोडं आणायला गेलो. खेळण्यांचं दुकान म्हणजे तापलेल्या रबराचा उग्र दर्प. काउंटरवर अर्धं खाल्लेलं बिस्किट, बिस्किटावर माशी, माशीपलीकडे दुकानदार. ज्या करंगळीने त्याने कान कोरला त्याच करंगळीने खोकं माझ्याकडे सरकवलं. शिसारी आली रे.

"नवशिके आहात ना सर? मग हे पाच कड्यांचं न्या."

जन्मभर ज्याने दुसऱ्यांच्या वह्यांवर "नवशिका" असा शेरा मारला, त्याला हे ऐकवावं? मी मान ताठ केली. "नऊ कड्यांचं दाखवा."

"सर, ते लोक आणतात आणि तसंच माळ्यावर टाकतात."

"दाखवा."

ही पहिली चूक. खोक्यावर चकचकीत ड्रॅगन, आत केसांच्या पिनेएवढ्या तारेची नऊ कडी आणि एक चिठोरं: "कडी सोडा, बुद्धी वाढवा, ओले ठेवू नका." हे वाक्य बुद्धीबद्दल आहे की कड्यांबद्दल, देव जाणे.

तुझ्या ताईची रीत तुला माहीत आहे. कुठलीही वस्तू आधी उलटी करून बघायची. लग्न ठरवताना माझ्या कोटाचं अस्तर बघून मग हो म्हटलं, असं ती अजून चारचौघांत सांगते. तिने कोडं उलटं केलं.

"शी! हे काय उचलून आणलंत? मुलामा आत्ताच हाताला लागतोय. कड्यांची तोंडं उघडी. ही दोन तर आपोआप सुटताहेत. यात कोडं कुठं आहे?"

"त्याला स्वयंमोक्ष म्हणतात."

"मोक्ष गेला खड्ड्यात. परत करा. आणि आधी हात धुवा, तेच हात पाण्याच्या भांड्यात घालाल." मग मला समोर उभं करून पाठ दिला. "तार जाड बघा. कडं एवढं मोठं हवं की माझं बोट आत जाईल. जोड डाग देऊन पक्का केलेला हवा, नुसता दाबलेला नको. पितळी बघा. आणि पाचच कडी. तुमचा अहंकार जाऊ दे नवव्या मजल्यावर, मला तळमजल्यावर काम आहे."

मी पुन्हा गेलो. पुन्हा रबर, पुन्हा ती करंगळी. पाच कड्यांचं पितळी कोडं आणलं.

आता या वस्तूबद्दलचं माझं मत. इतकी ओंगळ बुद्धीची वस्तू मी पाहिली नाही. एका लांबट सळईत पाच कडी अडकवलेली, कड्यांची मुळं खालच्या पट्टीत बसवलेली. सळई मोकळी करायची, एवढंच. पहिलं कडं केव्हाही उतरतं, म्हणून माणूस फसतो. पुढचं कुठलंही उतरवायचं तर त्याच्या लगेच आधीचं सळईवर असावं लागतं आणि त्याआधीची सगळी उतरलेली असावी लागतात. म्हणजे घाम गाळून सोडवलेलं कडं स्वतःच्या हाताने पुन्हा चढवायचं, तेव्हा पुढचं सुटणार! मी म्हटलं, ही कसली लबाड रचना? किळस येते अशा बुद्धीची.

"किळस कसली?" तुझी ताई म्हणाली. "शिवण चुकली की उसवल्याशिवाय पुढे जाता येतं का? तुम्हाला उसवायची लाज वाटते, एवढंच."

चार दिवस तिने ते सोडलं नाही. चहा निवायचा, दूध उतू जायचं. कडी सरकवायची ती डावीने. उजवीत फक्त पट्टी धरायची. मी म्हटलं, व्यायाम कुणाचा चाललाय नेमका? त्यावर "तुम्ही पेपर तपासा."

रविवारी दुपारी मी पेपरच तपासत होतो. ती खिडकीशी बसली होती. एकदम म्हणाली, "शी!"

"काय झालं?"

"गंज. घाण नुसती. बघा, कड्यांवर लाल गंज चढलाय. घेऊन जा हे, माझ्या डोळ्यांसमोर नको."

तिने तेवढ्यात ते वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्यापुढे टाकलंसुद्धा. उजवा हात पदराखाली होता. मला दुकानदाराचा असा काही संताप आला, की काल शाळा सुटल्यावर तडक तिकडे गेलो आणि गिऱ्हाइकांसमोर पुडकं आपटलं. "गंजका माल विकता? ही काय वस्तू आहे? हात लावायची किळस येते!"

त्याने उलगडलं, बघितलं. "सर, हे पितळ आहे. पितळ काळं पडेल, हिरवं पडेल. त्याला लाल गंज कुठून चढणार?"

"मग हे काय आहे?" म्हणून मी ते त्याच्या हातातून ओढून घेतलं, आणि "आई गं!" करून ओरडलो. एका कड्याच्या मुळाशी तारेचं टोक घासायचं राहून गेलं होतं. चांगलं कुसळासारखं उभं. माझ्या बोटातून टपकन थेंब आला आणि पहिल्या लाल डागाशेजारी दुसरा डाग पडला. ओला होता एवढाच फरक.

दुकानदार म्हणाला, "सर, बदलून देतो."

मी नको म्हटलं.

माझ्यासारख्या गबाळ्या माणसाला तेवढ्याशा टोचण्याने आई आठवली. ती रविवारी कितीतरी वेळ ते टोक अंगठ्यात रुतवून बसली होती, आणि तोंडातून हूं की चूं नाही.

तुझ्या ताईच्या मशिनशेजारची टाचण्यांची डबी आठवते? सगळ्या पितळी. लग्नानंतर मी एकदा शहाणपणा करून लोखंडी टाचण्या आणल्या होत्या, स्वस्तात. तिने मला पांढऱ्या कापडावरचा तांबडा ठिपका दाखवला होता. "लोखंड गंजतं आणि कापड नासतं. पितळ गंजत नाही. लक्षात राहील ना, पंडितजी?" मला हे तिनेच शिकवलं आहे. तीच बाई रविवारी माझ्याकडे बघून म्हणाली, पितळ गंजलं.

काल घरी गेलो तर तिच्या उजव्या अंगठ्याला पट्टी. "भाजी चिरताना लागलं." हल्ली ती सुरी डाव्या हातात धरते आणि भाजी फळीवर ठोकलेल्या खिळ्यांत अडकवते. उजवा हात तिथे असतच नाही. मी म्हटलं, "जपून चिरत जा." ती म्हणाली, "कोडं बदलून दिलं का?" मी म्हटलं, "पाहतो म्हणाला." आम्ही दोघंही फार छान बोललो.

ते कोडं आत्ता माझ्या खिशात रुमालात आहे. सकाळपासून हात तिथेच जातोय. म्हणून बोटांना हा वास. तो पितळेचा की दुसऱ्या कशाचा, ते आता मला ओळखता येईनासं झालंय. समोर गणिताचे सर बशीतला चहा फुर्रकन ओढताहेत, टेबलावर कुणाच्या तरी केळ्याचं साल काळं पडलंय, आणि मला या खोलीतल्या प्रत्येक वस्तूचा वीट आलाय.

फोन सोडून पत्र का, असं तू विचारशील. आमच्या दोन खोल्यांत फोनवर कुजबुजलं तरी तिला ऐकू जातं. तिचे कान उत्तम आहेत.

भाष्य राहिलं. सुचत नाही.

डॉक्टरांनी बोटं हलताना पाहिली. तिला त्या बोटांनी काही कळतं का, हे कुणी विचारलं नाही, आणि ती आपणहून सांगणार नाही. सोमवारी ती दुकान उघडेल. उजव्या हाताशी इस्त्री असेल, डाव्या हाताशी कातर. इस्त्री तापलेली असेल आणि तिला कळणार नाही. वास आला की कळेल. तेव्हाही ती म्हणेल, कापड करपलं.

मला याची भीती वाटते. बाकी सगळं पाल्हाळ होतं.

मी तिला हे सांगू शकत नाहीये. मी काहीही गंभीरपणे बोललो तरी तिला तो विनोद वाटतो. सवय मीच लावली. तू धाकटा आहेस, तुझ्यापुढे ती रडते, हे मला माहीत आहे. शनिवारी ये. कोडं बघायला आलो म्हण. मी ते तोवर तिला देणार नाही.

नक्की ये.

तुझा,
भावोजी