कान कुठे टोचावा

२ जानेवारी, सकाळी ७
निर्णय झाला. महिनाअखेरीला येणाऱ्या चांद्र नव्या वर्षाच्या जेवणाआधी कान टोचून घेणार. पाळीत नव्हे, वर, मऊ हाडात. तोही ताइचुंगला जाऊन, पेइ-रोंगच्या स्टुडिओत, तिच्याच हातून. वय बासष्ट. धैर्य लागतं. माझ्यात आहे.
ही माफी नाही. बापाने लेकीच्या धंद्याला हातभार लावावा, एवढंच.
प्रश्न फक्त प्रकाराचा. सहा-सात प्रकार असतात. दोन दिवसांत ठरवतो.

२ जानेवारी, संध्याकाळी
घडलं ते एकदा लिहून टाकतो, म्हणजे छळणार नाही. मूनकेकच्या सणाला पेइ-रोंग घरी आली होती. एका कानात सात खडे. दुकानात काउंटरपाशी उभी राहून माझ्यासाठी पपनस सोलत होती. तेंगबाई खोकल्याचा काढा न्यायला आल्या. ही कोण, म्हणाल्या. मी म्हणालो, कुरियरवाली.
तोंडातून निघून गेलं. तेंगबाई देवळाच्या समितीवर आहेत, हेही लक्षात घ्यायला हवं.
पेइ-रोंगने पपनस खाली ठेवलं, हात पुसले. काका, पार्सल मिळालं म्हणून सही करा, म्हणाली. आणि सरळ स्टेशनवर.
साडेतीन महिने झाले. फोन येतो तो आईला. लिहून बरं वाटेल असं वाटलं होतं.

५ जानेवारी
अभ्यास सुरू. दुकानात भिंतीवर कानाचा नकाशा आहेच. आख्खं शरीर कानात उलटं टांगलेलं असतं, डोकं खाली, पाय वर. चाळीस वर्षं वनौषधी विकतोय, मी काय कुठेही भोक पाडून घेणार?
ट्रॅगस, म्हणजे कानाच्या भोकापुढचा उंचवटा: भुकेचा आणि तहानेचा बिंदू. कॉन्च, कानाची वाटी: हृदय आणि फुप्फुसं, तिथे आरपार भोक म्हणजे आत्महत्या. डेथ, भोकावरची आतली घडी: नाव ऐकूनच घाम फुटला, पण नकाशात फक्त उचकीची जागा आहे. रूक, त्याच्याही वरची घडी: बरोबर ढुंगणावर येतं. पेइ-रोंगच्या कानात रूक आहे. तिला हे कधीतरी सांगितलं पाहिजे. नको.

८ जानेवारी
बायकोला सहज म्हणालो, यंदा वर्षअखेरच्या जेवणाला पोरगी येतेय का विचार. ती कोबी चिरत होती. मी पोस्टमन नाही, म्हणाली. तुमचं तुम्ही विचारा.
विचारणारच आहे. आधी कान.

११ जानेवारी
शास्त्रीय पद्धत सुचली. गिऱ्हाइकांना कानावर दाबायला औषधी बिया चिकटवून देतो, त्याच स्वतःला लावून बघायच्या. एकेका जागेवर दोन दिवस. जी मानवेल ती पक्की.
आज ट्रॅगस. दुपारी टर्कीभाताच्या दोन वाट्या, वर सूप. ट्रॅगस बाद.

१३ जानेवारी
डेथ. सकाळपासून उचकी. बाद. बायको म्हणाली, कोणीतरी आठवण काढत असेल. मी म्हणालो, कोण?

१७ जानेवारी
हेलिक्स. वरच्या कडेवर. काही झालं नाही. ही खूण चांगली की वाईट?
सणाची गर्दी. लाल खारका, लाल पाकिटं, ज्याला त्याला आजच हवं. अशात ताइचुंगला जाणं बेजबाबदारपणाचं ठरेल. शिवाय थंडी आहे. थंडीत जखम लवकर भरते हे खरं, पण टोपी घासते.

२० जानेवारी
तेंगबाई आल्या होत्या. त्यांना ज्येष्ठमध जास्तच दिलं, का कोण जाणे. त्या दिवशीचं त्यांनी काही काढलं नाही. त्यांना आठवतच नसणार. माणसं विसरतात. मीच उगाच मनाला लावून घेतोय.
रात्रीचं जेवण गेलं नाही.

२३ जानेवारी
हेलिक्स पक्कं. डावा कान. एकच खडा, साधा, स्टीलच्या दांडीचा.
उद्या जातो. बायकोला सांगितलं, घाऊक बाजारात चाललोय. तिने खिशात पत्त्याची चिठ्ठी घातली. ताइचुंग मोठं आहे, बाजार सापडला नाही तर इथे जाऊन बसा, म्हणाली. पत्ता पेइ-रोंगचा होता.

२४ जानेवारी, परतीच्या गाडीत
सविस्तर लिहितो. अक्षर वाकडं येतंय, गाडीमुळे.
स्टुडिओ दवाखान्यासारखा स्वच्छ. हे मला कोणी का सांगितलं नाही? सोफ्यावर कॉलेजच्या दोन मुली. पेइ-रोंग मास्क लावून बाहेर आली, मला बघून थांबली, बसा म्हणाली. कोणालाही म्हणेल तसं.
मी म्हणालो, हेलिक्स, डावा. अभ्यास करून आलोय. तिने टॉर्च लावून कान बघितला. बराच वेळ. इतक्या जवळून आम्ही एकमेकांना कित्येक वर्षांत पाहिलं नसेल. मग म्हणाली, प्रकार माणूस निवडत नाही बाबा, कान निवडतो. तुमच्या कानाला घड्याच नाहीत. रूक नाही, डेथ नाही, ट्रॅगस एवढासा. राहिलं हेलिक्सच.
मी म्हणालो, तेच तर म्हणतोय. ती बाबा म्हणाली होती. मुलींसमोर. किती सहज.
मग फॉर्म. नाव, वय, चालू औषधं. रक्त पातळ करायची गोळी प्रामाणिकपणे लिहिली. तिथेच खेळ संपला, हे मला नंतर कळलं. रक्त थांबणार नाही, मी टोचणार नाही, म्हणाली. मी डॉक्टरांची चिठ्ठी आणतो म्हणालो. ती ऐकत नव्हती. फॉर्मचा खालचा भाग वाचत होती.
काही झालं तर कोणाला कळवायचं, नाव आणि नातं. मी लिहिलं होतं: कुओ, शेजारी.
हे कोण, तिने विचारलं. मी समजावलं. तुझ्या आईला बाजार सांगून आलोय, तिला फोन गेला असता तर पंचाईत. ती म्हणाली, आणि मी? मी म्हणालो, तुझ्या हातात सुई असणार, तू फोन कशी उचलशील? उत्तर बरोबर होतं. अजूनही बरोबरच वाटतं. पण तिने फॉर्म परत माझ्यापुढे सरकवला, म्हणून खरं ते सांगितलं. तुझा नंबर मला पाठ नाही. फोन नेहमी तुझी आई लावून देते.
सोफ्यावरच्या मुली मोबाईलमध्ये बघायला लागल्या.
कान टोचायच्या आधी जागेवर खूण करायचं जांभळं पेन असतं. ते तिने घेतलं, माझी बाही वर केली आणि मनगटावर दहा आकडे लिहिले. जेवायला येशील का, मी विचारलं. फोन करून विचारा, म्हणाली. दुकानातून करा. गिऱ्हाइकं असताना.
मला तिची लाज वाटली होती, तेंगबाईंसमोर. हे एवढं वाक्य लिहायला पाच स्टेशनं लागली.

२६ जानेवारी
दुकानात गर्दी. अशात फोन शोभत नाही. शाई आंघोळीने जात नाही. आकडे पाठ झाले आहेत. उद्या सकाळी नक्की.

२७ जानेवारी, दुपारी
केला. काउंटरवरून. तेंगबाई धरून चार गिऱ्हाइकं. तिने उचलला, कोण म्हणून विचारलं. मी सांगितलं. ऐकू येत नाही, म्हणाली. मग ओरडून सांगितलं, मी तुझा बाबा बोलतोय, पेइ-रोंग!
तेंगबाई हसायला लागल्या. लियाओशेठ, सापडली का कुरियरवाली, म्हणाल्या. अहो, तुमचं नाक घेऊन फिरते पोरगी, आणि मला सांगता पार्सल द्यायला आलीय. अख्ख्या गल्लीला माहीत आहे. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून कोणी बोललं नाही.
म्हणजे चार महिने मी कोणापासून लपवत होतो?
मी माफीचं वाक्य तयार केलं होतं, पाठ होतं. तेवढ्यात पेइ-रोंग म्हणाली, हसतंय कोण? त्यांना फोन द्या. तेंगबाईंनी तो माझ्या हातातून ओढूनच घेतला. त्यांच्या नातीला कान टोचायचाय, म्हणे. हेलिक्स की कॉन्च, यावर वीस मिनिटं चर्चा. मधेच दोघी हसल्या, मग तेंगबाईंनी डोळे पुसले. बरं, जेवणाचं सांगते त्यांना, म्हणाल्या आणि फोन ठेवून दिला.
मी विचारेपर्यंत पिशवी उचलून त्या बाहेर पडल्या होत्या. काउंटरवर तीन गिऱ्हाइकं उभी.
बायकोला विचारलं. मी पोस्टमन नाही, म्हणाली. पेइ-रोंगला परत फोन लावला तर तीही हेच म्हणेल.
जेवण उद्या आहे. माझी पोरगी येणार की नाही, हे सध्या फक्त तेंगबाईंना माहीत. दुकान बंद केलं की त्यांच्या घरी विचारायला जातो.